ट्रॉली दिसली होती, मग अंदाज का चुकला?

तुम्ही दोन प्रसंग लिहिले आहेत. पहिल्यात रात्री केजकडून येताना पुढे उसाची ट्रॉली होती. तिचा लाल दिवा तुम्हाला बऱ्याच लांबून दिसला होता, तरी ती 'एकदम अंगावर आली' आणि मोटारसायकल कडेच्या मुरमात घालावी लागली. दुसऱ्यात फाट्यावर डावी-उजवीकडे बघून, रस्ता मोकळा आहे अशी खात्री करून तुम्ही निघालात आणि उजवीकडून आलेली दुचाकी हातभर अंतरावरून गेली. तपासणीत नजर ६/६ आली. मग दोष कुठे, डोळ्यांचे व्यायाम करावेत का आणि रात्रीसाठी म्हणून मिळणारा पिवळा चष्मा घ्यावा का, हे तुमचे प्रश्न.

मी अंबाजोगाई भागात नेत्रतज्ज्ञ म्हणून काम करते. गाळप हंगाम सुरू झाला की अशा प्रसंगातून वाचलेली माणसं डोळे तपासायला येतात आणि बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असतं, 'डॉक्टर, दिसत होतं हो, पण अंदाज आला नाही.' मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते शब्दशः खरं आहे. वस्तू दिसणं आणि तिच्या हालचालीचा अंदाज येणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. भिंतीवरचा तक्ता फक्त पहिलं काम तपासतो. तोही उजेडात, आणि अक्षरं जागची हलत नसताना.

तुमच्या डोळ्यांत दोष नाहीच, असं मी न तपासता म्हणणार नाही. वय किती, मधुमेह आहे का, मोतीबिंदूची सुरुवात आहे का, कुठली औषधं चालू आहेत, त्या रात्री झोप झाली होती का, यावर बरंच अवलंबून आहे. त्याकडे शेवटी येते. पण तुम्ही वर्णन केलेले दोन्ही प्रसंग अगदी निरोगी डोळ्यांच्या माणसाच्या बाबतीतही घडतात, आणि ते का घडतात हे कळलं तर पुढचे टाळता येतात.

दृष्टिपटलावर पडलेलं चित्र मेंदूच्या अगदी मागच्या भागात पोचतं. तिथून पुढे कामाची वाटणी होते. हालचालीचं काम मुख्यतः कानाच्या वर, थोडं मागे असलेल्या एका लहान भागाकडे जातं. त्याला एमटी किंवा व्ही-५ म्हणतात. इथल्या बहुतेक पेशी दिशेला बांधलेल्या असतात. एखादी पेशी उजवीकडे जाणाऱ्या हालचालीला जोरात प्रतिसाद देते आणि डावीकडच्या हालचालीला जवळपास गप्प राहते. १९९० मध्ये माकडांवर झालेल्या प्रयोगात या पेशींना अगदी बारीक विद्युतप्रवाह दिला, तर समोरच्या ठिपक्यांची दिशा माकडं त्या पेशींच्या बाजूनं सांगू लागली. म्हणजे हालचाल 'दिसते' ती या पेशींच्या बोलण्यावरून.

हा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झाला तर काय होतं, याची एक नोंद १९८३ साली म्युनिकमधल्या योसेफ त्सील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. त्या बाईंचं वय ४३ होतं. वाचता येत होतं, रंग कळत होते, वस्तू ओळखता येत होत्या. पण कपात चहा ओतताना धार गोठल्यासारखी दिसायची, त्यामुळे कप भरत आलाय हे कळायचंच नाही. रस्त्यावर गाडी आधी लांब दिसायची आणि रस्ता ओलांडायला गेल्या की तीच गाडी एकदम जवळ असायची. मधली हालचाल त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. पुढे त्या गाडीचा आवाज वाढतो कसा यावरून अंतराचा अंदाज घ्यायला शिकल्या. हा आजार अत्यंत दुर्मीळ आहे आणि तुम्हाला तो नाही. मी तो सांगितला, कारण तुमच्या त्या रात्रीचं वर्णन त्या बाईंच्या वर्णनाशी जुळतं. फरक इतकाच की तुमचा मेंदू काम करायला तयार होता, त्याला हालचालीची खबरच मिळाली नाही.

आता ती खबर का मिळाली नाही, ते बघू. गाडी डावीकडून उजवीकडे गेली तर तिचं चित्र दृष्टिपटलावरून सरकतं आणि ते मेंदूला लगेच कळतं. पण गाडी नाकासमोर असेल आणि तुम्ही सरळ तिच्याकडे जात असाल, तर चित्र सरकत नाही, फक्त मोठं होत जातं. हे मोठं होणं ओळखणारा भाग एमटीच्या शेजारी आहे. तो चांगला आहे, पण त्यालाही मर्यादा आहे.

आकडेमोड करून बघा. ट्रॉली भरलेल्या उसासकट साधारण अडीच मीटर रुंद धरू. तुमचा वेग ताशी ७० किलोमीटर, ट्रॅक्टरचा १६. म्हणजे तुमच्यातलं अंतर ताशी ५४ किलोमीटरनं, सेकंदाला १५ मीटरनं कमी होतंय. २०० मीटरवरून ट्रॉलीची रुंदी तुमच्या नजरेत जेमतेम पाऊण अंश भरते. हात लांब करून अंगठा धरला तर त्याची रुंदी दोन अंशांच्या आसपास असते, यावरून कल्पना येईल. अंतर निम्मं झालं की चित्र दुप्पट होतं. २०० वरून १०० मीटरवर यायला जवळपास पावणेसात सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात चित्र दुप्पट होतं. १०० वरून ५० वर यायला सव्वातीन सेकंद, पुन्हा दुप्पट. ५० वरून २५ वर यायला पावणेदोन सेकंदांहून कमी, परत दुप्पट. आणि त्यानंतर धडकेला तेवढाच वेळ उरतो.

म्हणजे सुरुवातीचे कितीतरी सेकंद चित्र जवळपास वाढतच नाही, आणि शेवटच्या तीन सेकंदांत ते फुगत जातं. मोठं होण्याचा वेग सेकंदाला ०.००३ रेडियनच्या, म्हणजे अंशाच्या सहाव्या भागाच्या खाली असेल तर माणसाला 'आपण जवळ जातोय' हे सहसा जाणवत नाही, असं वाहनचालकांवरच्या संशोधनात दिसलं आहे. आपल्या उदाहरणात २०० मीटरवर हा वेग त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे. तो उंबरठा ओलांडला जातो ११० मीटरच्या आसपास. तेही दिवसाउजेडी, ट्रॉलीच्या दोन्ही कडा स्पष्ट दिसत असतील तर. 'एकदम अंगावर आली' हे तुमचं वाक्य म्हणूनच बरोबर आहे. डोळ्याच्या हिशेबात ती एकदमच आली.

रात्री यात आणखी मोठी अडचण असते. तुम्ही लिहिलंय की एकच लाल दिवा दिसत होता. ट्रॉलीच्या मागच्या बाजूला वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, लोंबत असतात, दिव्यावर धुरळा बसलेला असतो, एक दिवा बंद असतो. एकट्या ठिपक्याला रुंदी नसते. मोठं होण्यासाठी दोन कडा लागतात, इथे कडाच नाहीत. मग मेंदूकडे उरते फक्त दिव्याची प्रखरता, आणि मळकट दिवा जवळ असला तरी तो 'लांबचा' म्हणून वाचला जातो. त्यातून आजूबाजूला काळोख असेल तर एकटा स्थिर दिवाही थोडा हलल्यासारखा भासतो, कारण मेंदूला तुलना करायला दुसरं काही नसतं. अशा वेळी दिव्याकडे टक लावून बघण्यानं काही मिळत नाही. उलट समोरच्यानं 'अप्पर' मारलेला असेल तर काही क्षण तेवढंही जातं.

डिपरवर समोरचा रस्ता धड दिसतो तो बहुतेक गाड्यांना चाळीस-पन्नास मीटर. ताशी ७० च्या वेगात धोका ओळखून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर गाडी २९ मीटर गेलेली असते, आणि कोरड्या चांगल्या डांबरावर थांबायला आणखी तीसेक मीटर लागतात. साठ मीटर झाले. म्हणजे काळोख्या रस्त्यावर या वेगानं जाणारा माणूस, डोळे कितीही तेज असोत, उजेडाच्या पलीकडे जाऊन थांबणार आहे. हंगामात या रस्त्यांवर डिपरवर ताशी ५० च्या वर जाऊ नये, असं मी प्रत्येकाला सांगते. आणि पुढे एकटा लाल दिवा दिसला की तो उभ्या वाहनाचा आहे असंच समजून वेग कमी करायचा. तो चालू वाहनाचा आहे हे नंतर कळलं तर नुकसान काहीच नाही.

एक उपाय मात्र बघणाऱ्याच्या हातात नाही, ट्रॉलीवाल्याच्या हातात आहे. ट्रॉलीच्या मागच्या दोन्ही टोकांना, जितक्या बाहेर लावता येतील तितक्या, लाल परावर्तक पट्ट्या लावल्या की मेंदूला हव्या असलेल्या दोन कडा मिळतात. या पट्ट्या उजेड आला त्याच दिशेला परत पाठवतात, त्यामुळे त्यांना बॅटरी लागत नाही आणि तुमच्याच हेडलाइटवर त्या लांबून चमकतात. दोन चमकत्या पट्ट्यांमधलं अंतर वाढताना दिसलं की जवळ येणं जाणवतं. पट्ट्या मधोमध एकत्र चिकटवल्या तर वाहन आहे एवढं कळतं, अंतराचा अंदाज येत नाही. त्या वाढ्यांखाली झाकल्या जात असतील तर लावून उपयोग नाही. डबल ट्रॉली असेल तर मागच्या ट्रॉलीच्या मागे हव्यात, पहिल्या ट्रॉलीवरच्या कुणाला दिसणार? टायरगाडीलाही हेच लागू. तुमच्या गावात मुकादम, ट्रॅक्टरमालक ओळखीचे असतील तर त्यांच्याशी हे बोलाच. मला यात डोळ्यांच्या कुठल्याही उपचारापेक्षा जास्त जीव वाचताना दिसतात.

आता फाट्याचा प्रसंग. इथे अडचण डोळ्यांच्या हालचालीची आहे.

आपल्याला सगळा रस्ता एकसारखा स्पष्ट दिसतोय असं वाटतं, पण खरी तीक्ष्ण नजर दृष्टिपटलाच्या मधल्या इवल्याशा भागात असते. त्याची व्याप्ती त्या अंगठ्याएवढीच. बाकीचं धूसर असतं. म्हणून डोळे सतत उड्या मारत असतात, सेकंदाला साधारण तीन. मोठ्या उडीत डोळ्याचा वेग सेकंदाला कित्येक शे अंशांपर्यंत जातो. उडी चालू असताना मेंदू येणारं चित्र बरंचसं दाबून टाकतो, नाहीतर दर वेळी जग फरफटल्यासारखं दिसलं असतं. आरशासमोर उभे राहा आणि स्वतःच्या डाव्या डोळ्याकडून उजव्या डोळ्याकडे नजर न्या. डोळे हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते स्पष्ट दिसतात.

मग रस्त्यावरून नजर सलग फिरवता येणार नाही का? नाही येणार. हेही घरी करून बघा. स्वतःचं बोट हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या आणि त्याच्यामागे नजर न्या. डोळे सलग सरकतील. आता बोट काढून टाका आणि समोरच्या भिंतीवरून तसेच सलग सरकवायचा प्रयत्न करा. घरातल्या कुणाला तरी तुमच्या डोळ्यांकडे बघायला सांगा. ते सांगतील की डोळे टप्प्याटप्प्यानं उडतायत. सलग सरकण्यासाठी डोळ्यांना कुणीतरी हलणारं लागतं, कारण ती आज्ञा एमटीच्या हालचालीच्या खबरीवरूनच बनते आणि लहान मेंदूतून डोळ्यांच्या स्नायूंकडे जाते. रिकामा रस्ता स्थिर असतो, म्हणून तिथे फक्त उड्या. मान झटकन फिरवली तर डावीकडे एक-दोन टप्पे, उजवीकडे एक-दोन टप्पे, एवढंच खरं बघणं होतं. मधल्या जागेत मेंदू 'रस्ता' भरून टाकतो. मोठी एसटी त्या भरलेल्या जागेत लपत नाही. समोरून बघितलेली एकटी दुचाकी लपू शकते.

त्यात भर म्हणून आणखी एक गोष्ट. तुम्ही आणि दुसरं वाहन एकाच वेळी फाट्यावर पोचणार असाल आणि दोघांचे वेग कायम असतील, तर ते वाहन तुमच्या नजरेत एकाच कोनात राहतं. ते पुढेही सरकत नाही, मागेही नाही. कडेच्या नजरेचं सगळं लक्ष हालचालीवर असतं आणि जे वाहन धडकणार आहे तेच हलत नाही. जीपमध्ये बसलात तर काचेच्या कडेच्या खांबामागे ते अख्खं वाहन शेवटपर्यंत राहू शकतं.

म्हणून माझी स्वतःची पद्धत सांगते. फाट्यावर गाडी पूर्ण थांबवायची. प्रत्येक बाजूला नजर तीन ठिकाणी मुद्दाम थांबवायची: लांब, मध्ये, जवळ. मग ज्या बाजूनं आधी वाहन येणार ती बाजू, म्हणजे आपल्याकडे उजवी, पुन्हा एकदा बघायची. चारचाकीत असाल तर डोकं थोडं पुढे-मागे करायचं, म्हणजे खांबामागचं उघडं पडतं. सवय झाली की याला जास्त वेळ लागत नाही.

बराच वेळ एका वेगानं गेल्यावर मेंदू त्या हालचालीला सरावतो आणि वेग कमी वाटायला लागतो. धुळे-सोलापूर महामार्गावरून तासभर येऊन गावच्या रस्त्याला वळलात की ताशी ६० सुद्धा रांगल्यासारखं वाटतं. त्या पहिल्या काही मिनिटांत मनाला विचारू नका, स्पीडोमीटर बघा.

मुलांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण रस्त्याकडेला शाळा असलेल्या गावांसाठी हे सांगायलाच हवं. जवळ येणारं चित्र ओळखण्याची क्षमता लहान मुलांमध्ये अजून पुरी विकसित झालेली नसते. २०११ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या एका अभ्यासात प्राथमिक शाळेतल्या मुलांना ताशी सुमारे ३२ किलोमीटरच्या पुढे येणाऱ्या गाडीचं जवळ येणं खात्रीनं ओळखता आलं नाही. 'बघून रस्ता ओलांड' हे सांगणं आठ वर्षांच्या मुलासाठी पुरेसं नाही. त्याचा हात धरायला हवा, आणि गाडीवाल्यानं शाळेजवळ वेग कमी करायला हवा.

व्यायामांबद्दल. बोट फिरवून त्याच्यामागे डोळे नेण्याचे व्यायाम काही ठरावीक आजारांत आम्ही देतो, पण निरोगी माणसाला त्यांनी ट्रॉलीचं जवळ येणं आधी कळेल असं होत नाही. झोप आणि दारू यांचा परिणाम मात्र खरा आहे. दारूनं डोळ्यांची उडी मंदावते आणि सलग सरकणं तुटक होतं. काही झोपेच्या गोळ्या आणि फिटवरची काही औषधंही डोळ्यांच्या हालचालीवर परिणाम करतात. अशी औषधं चालू असतील तर ती स्वतःहून बंद करू नका, देणाऱ्या डॉक्टरांशी बोला.

पिवळा चष्मा घेऊ नका. रंगीत काच डोळ्यात येणारा उजेड कमी करते आणि रात्री तुम्हाला उजेडच कमी पडतोय. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिम्युलेटरवरच्या एका अभ्यासात अशा पिवळ्या काचांमुळे रस्त्यावरचा पादचारी लवकर दिसण्यात काही फायदा आढळला नाही. समोरच्या अप्परनं डोळे दिपत असतील तर नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या रेघेवर न्या, रेघ नसेल तर डांबराच्या कडेवर, आणि वेग कमी करा. हेल्मेटची काच ओरखडलेली असेल तर ती बदला. ओरखड्यांवर उजेड पसरतो आणि दिपणं कितीतरी वाढतं.

आता तपासणी. दिव्यांभोवती वलयं दिसत असतील, संधिप्रकाशात घरातही ठेचकाळत असाल, बाजूच्या माणसांना वारंवार धक्के लागत असतील, एकाच्या दोन वस्तू दिसत असतील किंवा चालताना समोरचं जग उडतंय असं वाटत असेल, तर ६/६ वर समाधान मानू नका. मोतीबिंदूच्या सुरुवातीला तक्ता नीट वाचता येतो आणि रात्रीचं दिपणं मात्र वाढलेलं असतं. काचबिंदूत मधली नजर शाबूत राहून कडेची जाते, आणि फाट्यावर तीच लागते. 'मला रात्री हलणाऱ्या वाहनांचा अंदाज येत नाही' असं डॉक्टरांना याच शब्दांत सांगा, नुसतं 'नजर कमी झाली' म्हणू नका. डोळ्याचा दाब, कडेची नजर आणि बाहुली मोठी करून दृष्टिपटल, या तीन तपासण्या करून घ्या. मधुमेह असेल तर दृष्टिपटलाची तपासणी दरवर्षी. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर काही तास उजेड सहन होत नाही आणि जवळचं पुसट दिसतं, त्यामुळे त्या दिवशी मोटारसायकल घेऊन जाऊ नका, कुणाला तरी सोबत न्या.